ये रे माझ्या मागल्या: विंडोजवर ओपन सोर्सचा सेटअप पुन्हा पुन्हा का मोडतो

“दादा, काल चालत होतं. आज परत तीच एरर.”

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा हा निरोप मला चार दिवसांत तीनदा आला. एका ओपन सोर्स प्रकल्पाला (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो) तिला पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा होता. बदल जेमतेम दोन ओळींचा होता आणि तो तिने केव्हाच लिहून ठेवला होता. पण तो चालवून बघायला प्रकल्प आपल्या लॅपटॉपवर उभा राहायला हवा, आणि तोच राहत नव्हता. तिने नेटवरचा उपाय शोधून लावला की संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत चालायचं आणि सकाळी ये रे माझ्या मागल्या.

अशी मुलं मी बरीच बघितली आहेत. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या वेळी आणि गूगल समर ऑफ कोडच्या अर्जांच्या दिवसांत, म्हणजे नवख्यांना ओपन सोर्सकडे आणणाऱ्या उपक्रमांच्या काळात, हे प्रश्न हमखास येतात. सेटअपलाच कंटाळून परत गेलेलं माणूस सहसा पुन्हा फिरकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. विंडोजचा लॅपटॉप, त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय), त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन), ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची नेहमीची मांडणी मी धरली आहे. उदाहरणाला बहुतेक ठिकाणी मीडियाविकी घेतलं आहे. विकिपीडिया ज्यावर चालतो ते हे सॉफ्टवेअर, म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही त्यावरच चालतो. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करा.

लक्षणं वेगवेगळी दिसतात. कुणाला “बॅड इंटरप्रीटर” येतं. कुणाच्या गिट स्टेटसमध्ये (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हातही न लावलेल्या हजारो फायली बदललेल्या दिसतात. कुणाला “परमिशन डिनाइड” येतं, तर कुणाचं पान उघडायलाच इतका वेळ लागतो की ब्राउझर नाद सोडतो. लोक प्रत्येक लक्षणाचा वेगळा उपाय शोधत बसतात. माझा अनुभव असा की यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: कोड चुकीच्या जागी ठेवलेला असतो.

आधी एवढंच बघा

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून “पीडब्ल्यूडी” टाइप करा. उत्तराची सुरुवात “/एमएनटी/सी” अशी असेल, तर तुमचा कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर आहे आणि तुम्ही लिनक्समधून तो नुसता खिडकीतून बघत आहात. उत्तर “/होम/” ने सुरू व्हायला हवं.

यात एवढं काय बिघडतं? डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती मे २०२० च्या विंडोज अपडेटबरोबर सर्वांना मिळाली. तिच्यात लिनक्सचा खराखुरा कर्नल (गाभा) एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. उबुंटूची स्वतःची फाइल सिस्टिम ईएक्सटी४ आहे आणि ती वेगाने चालते. सी ड्राइव्ह मात्र त्या मशीनच्या बाहेर आहे. तिथली प्रत्येक फाइल उघडताना, वाचताना, तिची तारीख बघताना नाइनपी नावाच्या प्रोटोकॉलवरून विंडोजला विचारावं लागतं. एका फाइलला हे जाणवत नाही. पण मीडियाविकीत हजारो फायली आहेत. गिट स्टेटस त्या प्रत्येकीची चौकशी करतं, आणि मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलं आहे ती पीएचपी एक पान दाखवायला त्यातल्या शेकडो वाचतं. दर वेळी वेशीबाहेर जाऊन यायचं म्हटल्यावर वेळ लागणारच.

वेग सोडला तरी दोन गोष्टी सी ड्राइव्हवर नीट चालत नाहीत. एक म्हणजे फाइल बदलल्याची सूचना लिनक्सपर्यंत पोचत नाही, त्यामुळे “सेव्ह केलं की आपोआप ताजं होतं” ही सोय गप्प बसते. दुसरी म्हणजे लिनक्सच्या परवानग्या तिथे साठवल्याच जात नाहीत. “चमोड ऑन कॉन्फिग डॉट लॉक फेल्ड, ऑपरेशन नॉट परमिटेड” ही क्लोन करतानाची (म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेतानाची) एरर त्यातूनच येते. चमोड (chmod) ही परवानग्या बदलणारी आज्ञा. त्यात फोल्डर डेस्कटॉपवर आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल, तर तुम्ही क्लोन करत असताना वनड्राइव्ह त्याच फायली वर चढवत बसतं.

तेव्हा आधी जागा बदला. फोल्डर कॉपी करू नका, ते का ते पुढे येईलच. उबुंटूचं टर्मिनल उघडा, “सीडी” एवढंच टाइप करून आपल्या होममध्ये या आणि तिथे नव्याने क्लोन करा. जुन्या ठिकाणी केलेलं काम वाया जात नाही. तिथे ते कमिट करा (गिटमध्ये नोंदवा) आणि नव्या क्लोनमध्ये येऊन “गिट फेच” पुढे जुन्या फोल्डरचा पूर्ण मार्ग आणि शाखेचं (कामाच्या वेगळ्या वाटेचं) नाव द्या. गिटला दूरचा सर्व्हरच लागतो असं नाही, शेजारच्या फोल्डरमधूनही ते शाखा ओढून आणतं.

“मग विंडोजमधून ती फाइल मला दिसणार कशी?” हा प्रश्न दर वेळी येतो. त्याच फोल्डरमध्ये “एक्सप्लोरर डॉट ईएक्सई” आणि पुढे जागा सोडून एक टिंब द्या, नेहमीचा एक्सप्लोरर उघडेल. व्हीएस कोड वापरत असाल तर “कोड” आणि टिंब द्या. खाली डाव्या कोपऱ्यात “डब्ल्यूएसएल: उबुंटू” दिसलं की एडिटर योग्य बाजूने उघडला आहे. तिथे काहीच दिसत नसेल तर तो विंडोजच्या बाजूने उघडलाय, आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते.

काल चालत होतं, आज नाही

आता त्या मुलीची एरर. स्क्रीन शेअर करून तिने दाखवलं. एक छोटी शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवली की असं यायचं: “/बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रीटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी”. अशा स्क्रिप्ट चालवणारं बॅश तर जागेवर होतं. मग नाही काय? नीट बघितलं तर बॅशच्या पुढे ते ^एम चिकटलेलं आहे. लिनक्स “बॅश” शोधत नव्हतं, “बॅश आणि त्यामागे एक न दिसणारं अक्षर” अशा नावाचा प्रोग्राम शोधत होतं. तसा प्रोग्राम कुठेच नसतो.

ते अक्षर म्हणजे कॅरेज रिटर्न. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन वेगळ्या हालचाली लागायच्या: छापणारा भाग परत डावीकडे आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. पहिलीचा संकेत १३, दुसरीचा १०. युनिक्सने ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवला. डॉसने आणि त्यामागून विंडोजने दोन्ही ठेवले. १३ हा संकेत टर्मिनलवर ^एम असा दिसतो, कारण एम हे इंग्रजी वर्णमालेतलं १३ वं अक्षर आहे.

डोळ्यांनी बघायचं असेल तर “कॅट -ए” पुढे फाइलचं नाव द्या (ए कॅपिटल). निरोगी फाइलची प्रत्येक ओळ नुसत्या डॉलरच्या चिन्हाने संपते. बाधित फाइलमध्ये डॉलरच्या आधी ^एम असतो. तिच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो होता.

ते अक्षर कुणी घातलं? तिने नाही, गिटने. विंडोजसाठीचं गिट इन्स्टॉल करताना ओळींच्या शेवटाबद्दल एक प्रश्न येतो. आपण सगळे जो पर्याय न वाचता पुढे जातो, तो असा: फायली उतरवताना विंडोजच्या पद्धतीने, कमिट करताना युनिक्सच्या पद्धतीने. सेटिंगचं नाव कोअर डॉट ऑटोसीआरएलएफ, किंमत ट्रू. विंडोजपुरतं हे सोयीचं आहे. पण उतरवलेल्या त्या फायली लिनक्सने किंवा डॉकरच्या कंटेनरने चालवायला घेतल्या की बॅशची गाडी पहिल्याच ओळीला अडते.

तिने नेटवर वाचून “डॉस टू युनिक्स” नावाची आज्ञा त्या फाइलवर चालवली होती. स्क्रिप्ट चालली. दुसऱ्या दिवशी तिने शाखा बदलली, विंडोजच्या गिटने तीच फाइल पुन्हा उतरवली आणि ^एम परत आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता. फाइल साफ करून उपयोग नाही, ती उतरवणाऱ्या गिटचं सेटिंग बदलायला हवं.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की त्यांच्या लॅपटॉपवर दोन गिट आहेत. एक विंडोजचं, एक उबुंटूतलं. दोघांच्या सेटिंगच्या फायली वेगळ्या. एकात बदललेलं दुसऱ्याला कळत नाही. “व्हिच गिट” विचारलं तर उबुंटूत “/यूएसआर/बिन/गिट” असं उत्तर यायला हवं. ते आलं की उबुंटूतच ही आज्ञा द्या: “गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.ऑटोसीआरएलएफ इनपुट”. इनपुट म्हणजे कमिट करताना चुकून आलेला ^एम काढ, उतरवताना मात्र काही घालू नकोस.

इथे एक फसवा वळसा आहे आणि मी त्यात चांगल्या जाणकारांना अडकलेलं बघितलं आहे. जुनं फोल्डर सी ड्राइव्हवरून होममध्ये कॉपी केलं आणि मग इनपुट हे सेटिंग लावलं, तर गिट स्टेटस एकदम स्वच्छ दिसायला लागतं. वाटतं, सुटलं. पण गिट तुलना करताना ^एम काढून तुलना करतं, प्रत्यक्ष फायलींत तो तसाच बसलेला असतो. स्क्रिप्ट चालवली की पुन्हा तीच एरर. म्हणून कॉपी नको, नवं क्लोन करा, असं वर म्हटलं.

खात्री करायला एक सुंदर आज्ञा आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: “गिट एलएस-फाइल्स --ईओएल”. प्रत्येक फाइलपुढे येणाऱ्या नोंदींपैकी पहिल्या दोन बघा. “आय” म्हणजे गिटच्या आतली प्रत, “डब्ल्यू” म्हणजे तुमच्या फोल्डरमधली. दोन्हीकडे “एलएफ” (नुसता १०) असेल तर छान. “आय/एलएफ” आणि “डब्ल्यू/सीआरएलएफ” (१३ आणि १० दोन्ही) अशी जोडी दिसली की रोग सापडला. नवं क्लोन करायला इंटरनेट पुरत नसेल, तर आपलं सगळं काम कमिट करा, मग “गिट आरएम --कॅश्ड -आर” पुढे टिंब, आणि लगेच “गिट रीसेट --हार्ड”. सगळ्या फायली नव्या सेटिंगने पुन्हा उतरतात. कमिट न केलेलं काम यात जातं आणि परत येत नाही, हे नीट लक्षात ठेवून मगच ही आज्ञा द्या.

काही प्रकल्प “.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स” फाइलमध्येच ओळींच्या शेवटाचा नियम लिहून ठेवतात. मग वापरणाऱ्याचं सेटिंग काहीही असलं तरी त्या फायली नीट उतरतात. तुमच्या प्रकल्पात तो नियम नसेल तर सुचवायला हरकत नाही, पण आधी सांभाळणाऱ्यांना विचारा आणि तो बदल वेगळ्या पॅचमध्ये पाठवा. दोन ओळींच्या दुरुस्तीसोबत संपूर्ण फाइल बदललेली दिसली, तर तपासणाऱ्याला तुमचा खरा बदल शोधायला दुर्बीण लागते. मीडियाविकीत हाच दोष बहुतेक वेळा “कंपोजर टेस्ट” (कोडची आपोआप तपासणी) चालवताना उघडा पडतो: “एंड ऑफ लाइन कॅरेक्टर इज इनव्हॅलिड”. एरर निराळी दिसली तरी रोग वरचाच.

परमिशन डिनाइड आणि ७७७

जागा आणि ओळींचे शेवट नीट झाले की उरलेल्या तक्रारींत सर्वांत मोठी ही. “एलएस -एल” देऊन फायलींचा मालक बघा. तिथे तुमच्या नावाऐवजी “रूट” (लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता) दिसेल. कारणं दोन. एक तर तुम्ही क्लोन करताना पुढे “सुडो” (रूटच्या अधिकाराने चालव) लावला, किंवा कंटेनरने आतून रूट म्हणून त्या फायली तयार केल्या.

यावर जो तो “चमोड -आर ७७७” (सर्वांना सगळ्या परवानग्या) सांगतो. तो करू नका. गिट फाइल चालवण्यायोग्य आहे की नाही याचीही नोंद ठेवतं. ७७७ दिलं की प्रत्येक साधी फाइल चालवण्यायोग्य होते आणि गिट डिफमध्ये पानोपानी एवढंच दिसतं: जुना मोड १००६४४, नवा मोड १००७५५. मजकुरात काना-मात्रेचा फरक नाही, पण अख्खा प्रकल्प बदललेला. त्यापेक्षा मालकी परत घ्या: “सुडो चओन -आर” (चओन म्हणजे chown), पुढे तुमचं वापरकर्ता नाव आणि टिंब.

मीडियाविकीत हे पुन्हा होऊ नये म्हणून “.ईएनव्ही” फाइलमध्ये “एमडब्ल्यू_डॉकर_यूआयडी” आणि “एमडब्ल्यू_डॉकर_जीआयडी” या दोन ओळी भराव्या लागतात. किंमत “आयडी -यू” आणि “आयडी -जी” या आज्ञा सांगतात. उबुंटूतल्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो. या ओळी रिकाम्या राहिल्या तर कंटेनर रूट म्हणून लिहितो आणि दर वेळी मालकी बदलत बसावी लागते. एसक्यूलाइट हा डेटाबेस “रीडओन्ली डेटाबेस” अशी तक्रार करत असेल तर फक्त “कॅश/एसक्यूलाइट” या फोल्डरला लिहिण्याची परवानगी द्या. कॅशमधल्या गोष्टी गिट बघत नाही, त्यामुळे तिथे ती दिलेली चालते.

“डिटेक्टेड डुबियस ओनरशिप” ही एररही मालकीचीच. एप्रिल २०२२ मध्ये गिटच्या २.३५.२ या आवृत्तीत सुरक्षेसाठी ही तपासणी आली: फोल्डरचा मालक तुम्ही नसाल तर गिट त्यात काम करत नाही. विंडोजच्या गिटने उबुंटूतलं फोल्डर उघडलं की ती हमखास येते. “सेफ डॉट डिरेक्टरी”मध्ये तारा (*) लावून तपासणीच बंद करण्यापेक्षा कुठलं गिट वापरतोय ते बघा.

डॉकर, मेमरी आणि बाकी किरकोळ

“०x८०३७०१०२” हा आकडा आला तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे ते चालू आहे की नाही दिसतं. “डॉकर” ही आज्ञाच उबुंटूत सापडत नसेल तर डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये, रिसोर्सेसखाली डब्ल्यूएसएल इंटिग्रेशनमध्ये उबुंटूचं बटण चालू करा. “पोर्ट इज ऑलरेडी अ‍ॅलोकेटेड” म्हणजे ८०८० या पोर्टवर दुसरं काही चाललंय. मीडियाविकीत पोर्ट बदलताना “.ईएनव्ही”मधली “एमडब्ल्यू_डॉकर_पोर्ट” आणि “एमडब्ल्यू_सर्व्हर” अशी दोन्ही ठिकाणं बदला, एक विसरलात तर पान उघडतं पण दुवे जुन्याच पोर्टवर जातात.

८ जीबीचा लॅपटॉप असेल तर हे आवर्जून करा. डब्ल्यूएसएल मूळ सेटिंगने अर्ध्यापर्यंत मेमरी घेऊ शकतं आणि वरून ब्राउझर, एडिटर. विंडोजमधल्या आपल्या वापरकर्ता फोल्डरात “.डब्ल्यूएसएलकॉन्फिग” नावाची फाइल करून त्यात “[डब्ल्यूएसएल२]” आणि खाली “मेमरी=३जीबी” लिहा, मग “डब्ल्यूएसएल --शटडाउन”. फाइलच्या शेवटी नोटपॅडने “.टीएक्सटी” चिकटवलं नाही ना, तेही बघा.

सगळं झालं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (आपल्याच लॅपटॉपचा पत्ता) उघडलं, आणि रंगरूप नसलेल्या पांढऱ्या पानावर “व्हूप्स” असा संदेश आला, तर घाबरू नका. मीडियाविकी चालू झालेलं आहे. व्हेक्टर ही त्याची नेहमीची स्किन (पानाचं रंगरूप) मुख्य कोडबरोबर येत नाही, ती “स्किन्स/व्हेक्टर” या फोल्डरमध्ये वेगळी क्लोन करून “लोकलसेटिंग्स”मध्ये तिची ओळ घालावी लागते. ती मुलगी पुढे मीडियाविकीकडे वळली तेव्हा या पानावर दोन दिवस थांबली होती, सगळं मोडलंय असं समजून.

फायलीचं नाव मराठीत असेल तर

आपल्या फाइलचं नाव “मराठी” असलं तरी गिट स्टेटस ते “\३४०\२४४\२५६” अशा आकड्यांनी सुरू करून दाखवतं. फाइल बिघडलेली नाही. यूटीएफ-८ मध्ये “म” हे अक्षर तीन बाइटचं असतं आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीत छापतं. “गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स” एवढं दिलं की नाव देवनागरीत दिसतं. मात्र विंडोजमधल्या तुमच्या वापरकर्ता फोल्डरचंच नाव देवनागरीत किंवा मध्ये जागा सोडून असेल, तर काही साधनं त्या मार्गावर अडखळतात. कोड उबुंटूच्या होममध्ये आणला की हाही अडथळा उरत नाही.

पान नीट उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी “?यूजलँग=एमआर” जोडून बघा. डावीकडची यादी मराठीत आली की सेटअप पूर्ण झाला. तिथे एखादं भाषांतर खटकलं तर ते “एमआर.जेसन”मध्ये बदलून पॅच पाठवू नका. संदेशांची भाषांतरं ट्रान्सलेटविकी डॉट नेटवर होतात आणि तिथून ती आपोआप कोडमध्ये येतात. पण नामविश्वांची (पानांच्या प्रकारांची) नावं, म्हणजे “सदस्य”, “साचा”, “वर्ग”, “चर्चा”, आणि ० ते ९ हे आकडे देवनागरीत दाखवण्याचा तक्ता “मेसेजेसएमआर.पीएचपी” या फाइलमध्ये आहे, आणि तिथली दुरुस्ती गेरिटवर (मीडियाविकीचे पॅच तपासले जातात ती जागा) पॅच म्हणूनच जाते. पाठवताना “मिसिंग चेंज-आयडी” आलं, तर “गिट रिव्ह्यू -एस” एकदा चालवा आणि मग “गिट कमिट --अमेंड” करा. त्या मुलीचा मीडियाविकीतला पहिला पॅच याच एररवर थांबला होता. ही शेवटची आज्ञा दिली, आणि तो गेला.